पद्मिनीचं छत: जुन्या फियाटचं रूफ लायनिंग नव्यानं कसं बसवावं

पद्मिनीचं रूफ लायनिंग, म्हणजे छताचं आतलं अस्तर, पत्र्याला चिकटवलेलं नसतं, टांगलेलं असतं. पत्र्याखाली डावीकडून उजवीकडे वाकवलेल्या लोखंडी कांबी असतात. लायनिंगच्या मागच्या बाजूला शिवलेल्या नेफ्यांमधून त्या ओवलेल्या असतात आणि चारही कडा ताणून पत्र्याच्या काठावर धरलेल्या असतात. एवढं एकदा नीट डोक्यात बसलं की पुढचं काम समजतं. बहुतेक ठिकाणी लायनिंग बिघडतं ते रेक्झिन वाईट म्हणून नव्हे, तर ताण चुकीच्या क्रमानं दिला म्हणून. म्हणून या लेखात कापडापेक्षा ताणाबद्दल जास्त लिहिलं आहे.

ही गाडी आपल्याकडे घरातल्या माणसासारखी वावरली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट बनवली आणि सत्तरच्या दशकात तीच पद्मिनी झाली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीतून ती ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. आता ज्यांच्या दारात ती उभी आहे, त्यांनी ती जपण्यासाठीच ठेवली आहे. गाडी पन्नास वर्षांहून जुनी असेल तर २०२१ च्या केंद्रीय नियमानुसार तिची ‘विंटेज’ म्हणून नोंद होऊ शकते. चासी, बॉडी शेल आणि इंजिन यांत फेरफार नसावा, ही त्यातली मुख्य अट. लायनिंग बदलल्यानं या अटीला धक्का लागत नाही, तेव्हा त्या भीतीनं काम अडवून ठेवू नका.

कधी करायचं

दिवाळी ते होळी हा काळ उत्तम. पावसाळ्यात हे काम काढू नये. कडा चिकटवायला लागतं त्या रबर सोल्युशनमधलं द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतली वाफ त्यावर धरते आणि पांढुरकी साय येते. वरून चिकटल्यासारखं दिसतं, पण पकड आलेली नसते. भर मे महिन्यात उलटा त्रास होतो. सोल्युशन ब्रशवरच सुकायला लागतं आणि कड सरळ करायला वेळच उरत नाही. हिवाळ्यात रेक्झिन थोडं ताठ असतं, पण दुपारचं ऊन त्यावर पुरेसं आहे. दोन माणसं आणि दोन सुट्टीचे दिवस धरा. शिवणकाम बाहेर देणार असाल तर मध्ये आठवडाभर गाडी आडोशाला उभी ठेवावी लागेल, कारण तिच्या पुढच्या-मागच्या काचा काढलेल्या असतील.

काय आणायचं

रेक्झिन बारीक छिद्रांचं, पातळ आणि मागे विणलेलं कापड असलेलं घ्या. सीटचं जाड रेक्झिन छताला चालत नाही, ते कोपऱ्यांवर वळत नाही आणि स्वतःच्या वजनानं खाली येतं. पन्हा साधारण ५४ इंच मिळतो, तो पुरतो. लांबी तीन मीटर घ्या म्हणजे मागच्या काचेच्या बाजूंचे तुकडे आणि सन व्हायझर त्यातच निघतात. व्हायझर नंतर वेगळ्या ताग्यातून करायला गेलात तर रंग कधीच जुळत नाही. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि पुण्यात नाना पेठ इथे हिंडलात तर काचेची रबरं, दाराच्या काठावर ठोकून बसवायची बीडिंग, क्लिपा हे सगळं हाताला लागतं.

रंगाबद्दल माझं मत ठाम आहे. घरगुती गाडी असेल तर मोतिया किंवा फिकट राखाडी रंगच ठेवावा. छत गडद केलं की ही छोटी केबिन आणखी लहान वाटते. पण गाडी खरोखरच टॅक्सी म्हणून चाललेली असेल आणि तिच्या छताला फुलाफुलांचं, भडक नक्षीचं रेक्झिन असेल, तर तसंच नक्षीचं शोधून लावा. टॅक्सीवाल्यांनी हौसेनं लावलेली ती छतं हा मुंबईच्या रस्त्याचा इतिहास आहे. त्यावर मोतिया रेक्झिन चढवून तो पुसू नये.

नेफ्यांसाठी दोन मीटर मांजरपाट आणा आणि आधी भिजवून वाळवा, म्हणजे नंतर आटणार नाही. दोरा पॉलिएस्टरचा किंवा नायलॉनचा हवा, सुती दोरा छताच्या उष्णतेनं आणि दमटपणानं कुजतो. चिकटवायला फेविकॉल एसआर ९९८ सारखं सिंथेटिक रबराचं सोल्युशन वापरा. सुतारकामाचं पांढरं फेविकॉल इथे उपयोगाचं नाही, पत्र्यावर ते पकडत नाही. याशिवाय कचेरीत वापरतात ते मोठे काळे बाइंडर क्लिप तीस-चाळीस, शिंप्याचा खडू, मास्किंग टेप, धारदार कात्री, नवी ब्लेडं, चांभाराची आरी, हेअर ड्रायर आणि चार-पाच मिलीमीटर जाडीची नायलॉनची दोरी.

उतरवणं

आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, छतातल्या दिव्याला तिथूनच वीज येते. सीटा बाहेर काढा. त्या आत ठेवून काम करणारे सीटाही खराब करतात आणि स्वतःची मानही. मग आरसा, व्हायझर, दिवा, हँडल, कोटाचे हूक असं एकेक उतरवा. प्रत्येकाचे स्क्रू वेगळ्या पिशवीत, पिशवीवर नाव. काढण्याआधी प्रत्येक कोपऱ्याचा फोटो घ्या, विशेषतः मागच्या काचेच्या दोन्ही बाजूंचा. तिथे लायनिंग कसं दुमडलं आहे ते नंतर आठवत नाही.

पुढची आणि मागची काच काढावीच लागते, कारण लायनिंगची कड काचेच्या रबराखाली दडलेली असते. काच न काढता कड रबरात कोंबून देणारे कारागीर भेटतील. त्यांना हे काम देऊ नका, ती कड पहिल्या उन्हाळ्यात बाहेर येते. रबरातली चमकती पट्टी आधी हळूच सोडवा. ती वाकली तर पूर्ववत सरळ होत नाही. रबर कडक झालेलं असेल तर काचेवर जोर न लावता ब्लेडनं रबराचा बाहेरचा ओठ कापून टाका. नवं रबर मिळतं, चांगली जुनी काच सहज मिळत नाही. काच टफन्ड असेल आणि कडेवर ठोका बसला तर ती क्षणात चुरा होते, म्हणून पाना किंवा स्क्रूड्रायव्हर काचेच्या कडेला टेकवायचाच नाही. एकानं बाहेर दोन्ही हातांनी काच धरायची आणि दुसऱ्यानं आतून वरच्या कोपऱ्यांवर तळव्यानं दाब द्यायचा.

आता दारांवरची बीडिंग ओढून काढा आणि लायनिंगच्या कडा सोडवा. फाडू नका. हे जुनं लायनिंग कितीही मळलेलं, फाटलेलं असलं तरी तेच तुमचं माप आहे. नाकातोंडाला मास्क लावा, कारण वर साठलेला भुसा, जुन्या नमद्याची धूळ आणि उंदरांनी नेलेलं काहीबाही तोंडावर पडतं.

कांबी पुढून मागे एकेक निघतात. टोकं पत्र्यातल्या भोकांत बसवलेली असतात. कांब थोडी वाकवून एक टोक सोडवलं की दुसरं आपोआप सुटतं. इथे घाई करायची नाही. प्रत्येक कांब वेगळ्या वळणाची असते, फरक बोटभराचाच असतो पण तो छताच्या उतारासाठी दिलेला असतो. टेप लावून क्रमांक घाला, डावं टोक कोणतं ते लिहा आणि एकाजवळ एक दोन भोकं असतील तर कांब कोणत्या भोकात होती तेही लिहा. पत्र्यावर त्या भोकाशेजारी तोच क्रमांक घाला. दोन कांबींची अदलाबदल झाली तर लायनिंग कितीही चांगलं शिवलेलं असो, एकीकडे झोळ आणि दुसरीकडे तंग असंच बसतं.

पत्रा उघडा आहे तोवर

लायनिंग चढल्यावर छताच्या आतल्या बाजूला पुन्हा वीस वर्षं कुणी बघत नाही. म्हणून इथे एक अख्खा दिवस द्या.

छताच्या कडेनं पाण्याची पन्हळ जाते. ती पत्र्याला जिथे जोडली आहे त्या सांध्यातलं सील सुकून तडकतं आणि पाणी आत झिरपतं. बऱ्याच गाड्यांत लायनिंगवर दिसणारे तपकिरी डाग तिथूनच आलेले असतात, आणि मालक मात्र वर्षानुवर्षं काचेच्या रबराला दोष देत बसतो. काचा काढण्याआधीच बादलीभर पाणी पन्हळीत हळूहळू ओतून, आतून टॉर्च मारून ओल कुठे येते ते बघून ठेवलंत तर शोधाशोध वाचते.

गंज तारेच्या ब्रशनं आणि सँडपेपरनं उतरवा, उरलेल्यावर फॉस्फोरिक ॲसिड असलेलं गंजरोधक लावा, सुकू द्या, मग रेड ऑक्साइड प्रायमर आणि वर रंगाचा एक हात. पन्हळीचा सांधा खरवडून नवं सीम सीलर भरा. काचेच्या चौकटीचा काठही असाच साफ करा. तिथला गंज तसाच ठेवून वर नवं रबर बसवलं तर पाणी येणारच. पत्र्याला आरपार भोकं पडली असतील तर वेल्डिंग आत्ताच, नंतर कापडाजवळ ठिणगी नेता येणार नाही.

दिव्याची वायरही आत्ताच बदला. जुन्या वायरचं आवरण कडक होऊन तडकतं आणि ती लोखंडी कांबींना घासत असते. जुन्या वायरच्या टोकाला नवी बांधून ओढली की वाट शोधावी लागत नाही.

मग उष्णतेचं बघा. या गाडीला सहसा एसी नसतो आणि उन्हात पत्रा हात लावू देत नाही, तेव्हा इन्सुलेशन घालावं. पाच-सहा मिलीमीटर जाडीचा, पाणी न शोषणारा बंद छिद्रांचा फोम पत्र्याला चिकटवा. साधा स्पंज मुळीच नको, तो ओल धरून ठेवतो आणि पत्रा गंजवतो. पत्र्याची थरथर कमी करायला ब्युटाइलच्या शीटचे काही तुकडे मधल्या मोकळ्या भागात लावले तरी पुरतात, सगळं छत त्यानं मढवायची गरज नाही, उगाच वजन वाढतं. फोम लावल्यावर कांबी नुसत्याच जागेवर बसवून बघा. कांब फोमला टेकत असेल तर तिथला फोम पातळ करा, नाहीतर लायनिंगवर तो उंचवटा उठून दिसेल. व्हायझर आणि आरशाच्या भोकांत जुने स्क्रू अर्धवट फिरवून ठेवा. लायनिंग चढल्यावर हीच जागा बोटानं चाचपून सापडते.

बेतणं आणि शिवणं

जुन्या लायनिंगच्या मधोमध, पुढून मागे, खडूनं एक सरळ रेघ मारा. प्रत्येक तुकड्यावर क्रमांक आणि पुढची बाजू दाखवणारा बाण काढा. मगच ब्लेडनं टाके उसवा. उसवलेले तुकडे सपाट मांडून नव्या रेक्झिनच्या उलट्या बाजूवर आखायचे.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. जुनं रेक्झिन आटलेलं असतं. त्यामुळे शिवणीपासून शिवणीपर्यंतचं अंतर नुसतं जुन्या तुकड्यावरून घेऊ नका. गाडीत कांबींच्या भोकांमधलं अंतर छताच्या वळणावरून टेप टेकवून मोजा आणि त्याच्याशी ताडून बघा. फरक असेल तर गाडीतलं माप खरं धरा. बाहेरच्या कडांना मात्र सढळ हातानं सात-आठ सेंटीमीटर जास्त सोडा. पुढची कड, मागची कड आणि दोन्ही बाजू, सगळीकडे. ताणताना धरायला तेवढं लागतंच.

मांजरपाटाच्या पट्ट्या दुहेरी दुमडून नेफा असा करा की कांब सैलसर सरकेल, पण नेफ्यात हेलकावणार नाही. दोन तुकडे सुलट बाजू आत घेऊन ठेवा, वर नेफ्याची पट्टी ठेवा आणि तिन्ही थरांतून एकच शिवण घाला, कडेपासून अर्ध्या इंचावर. मधल्या रेघा जुळल्यात की नाही ते आधी बघा आणि शिवण मध्यापासून दोन्हीकडे न्या. टाका साडेतीन-चार मिलीमीटरचा ठेवा. बारीक टाके घातले की रेक्झिन पोस्टाच्या तिकिटासारखं त्या रेषेवर फाटतं. टाचण्या लावू नका, रेक्झिनला पडलेलं भोक बुजत नाही, तिथे क्लिप लावा. घरच्या मशीनवर १६ नंबरची सुई आणि टेफ्लॉनचा पाय लावून हे होतं, फक्त सावकाश. नाहीतर तुकडे आखून, कापून, क्रमांक घालून सीटवाल्याकडे न्या. बेत तुमचा आणि शिवण त्याची, अशी वाटणी सगळ्यात चांगली.

चढवणं

कांबी घासून, रंगवून, पूर्ण सुकवून घ्या, नाहीतर मांजरपाटातून गंजाचा डाग रेक्झिनवर येतो. लायनिंग अर्धा तास उन्हात पसरून ठेवा. ते मऊ झालं की क्रमांकाप्रमाणे कांबी ओवा.

मागून सुरुवात करा. सगळ्यात मागची कांब भोकांत बसवून उभी करा. पुढे ओढलं जाताना ती कलू नये म्हणून तारेचे आकडे असतील तर ते आत्ताच अडकवा. मग एकेक कांब पुढे येत बसवा. आता छतावर एक ढिला तंबू उभा राहील आणि मनात येईल की हे कधीच सरळ व्हायचं नाही. होतं.

सोल्युशन अजून उघडायचं नाही. आधी सगळं क्लिपांवर. मागच्या काचेच्या काठावर मधल्या खुणेला एक क्लिप, मग पुढच्या काठावर मधल्या खुणेला ओढून एक क्लिप. त्या दोन्हींच्या डावी-उजवीकडे वीतभर अंतरानं आळीपाळीनं पुढे-मागे क्लिप लावत जा, पण कोपऱ्यांच्या अलीकडे थांबा. पुढे-मागे ताण बसला की बाजूंना या. प्रत्येक शिवणीचं टोक आधी ओढा, डावीकडचं आणि उजवीकडचं सारख्या जोरानं, मग दोन शिवणींमधला भाग. कोपरे सगळ्यात शेवटी.

शिवणीच्या टोकाशी, दाराच्या वर, बहुतेक वेळा चुण्यांचा पंखा उमटतो. त्याचं कारण नेफा. नेफा कडेपर्यंत गेलेला असेल तर तो कांबीच्या वळणाशी लायनिंगला वर धरून ठेवतो आणि रेक्झिन बाजूला ओढलं जात नाही. तिथे क्लिप सोडा, कडेकडून नेफा एक सेंटीमीटर कापा, पुन्हा ओढून बघा. गरज असेल तर आणखी एक सेंटीमीटर. एकदम जास्त कापू नका, कापलेला नेफा परत येत नाही आणि मग तिथे झोळ पडतो. फक्त मांजरपाट कापायचा, रेक्झिनच्या शिवणीला धक्का लावायचा नाही. छत सरळ बसण्याचं निम्मं कौशल्य या एका कापात आहे.

बाकीच्या चुण्या वाचायला शिका. दोन कांबींच्या मध्ये आडव्या चुण्या असतील तर पुढे-मागे ताण कमी आहे. पुढून मागे जाणाऱ्या उभ्या चुण्या असतील तर बाजूचा ताण कमी. तिरप्या चुण्या कोपऱ्याकडे बोट दाखवत असतील तर तो कोपरा जास्त ओढला गेला आहे, तो सोडून शेजारच्या दोन कडा आधी ओढा. हेअर ड्रायर वीतभर अंतरावरून सारखा हलवत फिरवा, रेक्झिन नरम पडलं की ओढा आणि थंड होईस्तोवर धरून ठेवा. हीट गनचा मोह टाळा. एका जागी दोन सेकंद जास्त थांबली तरी रेक्झिन चकाकतं, मग वितळतं.

क्लिपांवरच रात्रभर राहू द्या. सकाळी ताण थोडा उतरलेला असेल, पुन्हा एक फेरी ओढा.

आता सोल्युशन. सगळी दारं उघडी, आसपास विडी-काडी नाही, तोंडाला रासायनिक वाफांचा मास्क. बंद गॅरेजमध्ये या वाफा चढतात आणि पेटतातही. एका वेळी हातभर लांबीच्याच क्लिपा सोडा, पत्र्याच्या काठाला आणि रेक्झिनच्या मागच्या बाजूला असं दोन्हीकडे पातळ लावा, दहा-पंधरा मिनिटं थांबा. बोट लावल्यावर चिकटलं नाही पाहिजे. मग ओढून दाबा आणि वर क्लिप परत. क्रम तोच: मागचा मध्य, पुढचा मध्य, बाजू, शेवटी कोपरे. कोपऱ्यात वळणावर व्हीच्या आकाराचे काप द्या, पण काप रबराखाली झाकला जाईल इतकाच खोल. काचेच्या काठावर रेक्झिनचा एकच थर हवा. दुमडून दोन थर झाले की रबर नीट बसत नाही आणि पाणी येतं.

सोल्युशन दिवसभर पकडू द्या. मग जादा रेक्झिन कापा, काठाच्या पलीकडे सेंटीमीटर-सव्वा सेंटीमीटर ठेवून. दाराची बीडिंग ठोकून बसवा. उन्हात छत तापून सोल्युशन सैल पडलं तरी कड धरून ठेवणारी खरी पकड बीडिंगची आणि काचेच्या रबराची असते. म्हणून जुनी ढिली बीडिंग परत वापरू नका.

दिव्याची जागा चाचपून छोटी फुली कापा, दिव्याच्या चौकटीपेक्षा बरीच लहान. स्क्रूंच्या उंचवट्यांवर आरीनं टोचा, खालचा स्क्रू फिरवून काढा आणि व्हायझर, आरसा बसवा. ही भोकं ताण पूर्ण झाल्यावरच पाडायची. आधी पाडली तर ओढताना ती सरकतात आणि लांबतात.

काचा, आणि नंतर

नवं रबर काचेवर चढवा. त्याच्या आतल्या खाचेत नायलॉनची दोरी अशी बसवा की दोन्ही टोकं खाली मधोमध एकमेकांवरून जातील. रबराला साबणाचं पाणी लावा, तेल किंवा ग्रीस नको, त्यानं रबर फुगतं. बाहेरच्यानं काच चौकटीवर दाबून धरायची, आतल्यानं दोरी हळूहळू ओढायची, म्हणजे रबराचा ओठ काठावरून आत उलटत जातो. ओठ उलटताना लायनिंगची कड सोबत गोळा होत नाही ना, हे बोटानं बघत राहा.

दुसऱ्या दिवशी पाइपनं पाणी मारा, आधी काचांच्या खालून आणि मग वर जात पन्हळीपर्यंत. सगळीकडे एकदम मारलं तर गळती नेमकी कुठली ते कळत नाही. आत कोरडं राहिलं की सीटा बसवा.

एकाच केबिनच्या जुन्या जीप-पिकअपला टांगतं छत असेल तर हीच रीत, फक्त कांबी कमी आणि मागची काच हाताशी, त्यामुळे काम सोपं. नंतरच्या काळातल्या ज्या गाड्यांना पुठ्ठ्याच्या किंवा फायबरच्या साच्यावर फोमचं कापड असतं, त्यांचं शास्त्र वेगळं आहे. तिथे फोमचाच भुगा होतो, म्हणून नुसतं पुन्हा चिकटवून भागत नाही. साचा बाहेर काढून सगळा जुना फोम ब्रशनं खरवडायचा आणि नवं फोमचं कापड अर्धं-अर्धं करून मध्यापासून चिकटवत जायचं.

उरलेल्या बारीक चुण्यांना हात लावू नका. काचा बंद करून गाडी काही दिवस दुपारच्या उन्हात उभी करा, रेक्झिन आपोआप ताणून घेतं. साफ करायला ओलं फडकं आणि सौम्य साबण पुरे. डॅशबोर्डचं चकाकी देणारं पॉलिश छताला लावू नये, छिद्रांत धूळ धरते आणि छत काळपट होतं. जुने उसवलेले तुकडे क्रमांकासकट गुंडाळून ठेवा. पुढच्या वेळी, किंवा दुसऱ्या कुणा पद्मिनीवाल्याला, त्यांचा उपयोग होईल.